दिपालीचा जादा विषय आणि माझी दहा पानं

सोमवार, ६ जुलै १९९८. पहाटे ५.२०
चातुर्मास बसला. ही डायरी १९९६ सालची, यांना कारखान्यातून फुकट मिळालेली. दोन वर्षं कोरीच पडून होती. वार जुळत नाहीत, ते खोडून वर लिहीन. दरसाल नवी डायरी विकत घेणारी माणसं वेगळी असतात, आणि त्यांच्या डायऱ्या जानेवारीतच संपतात.

संकल्प: नामलेखन. आमच्या भजनी मंडळाच्या चौकोनी वहीत रोज दहा पानं. एका पानावर एकशे आठ चौकोन, एका चौकोनात एक 'श्रीराम'. कार्तिकी एकादशीपर्यंत सव्वा लाख होऊन वर चोवीसशे चाळीस उरतात. मॅट्रिकला गणितात एकाहत्तर उगीच नव्हते पडले.

मंडळाचा नियम कडक आहे. एक दिवस खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट. लागोपाठ दोन दिवस झाला तर पहिल्यापासून सुरुवात. शंभर पानांची वही भरली की मंडळाच्या आक्काबाई तिच्यावर पिवळी टिकली चिकटवतात. पाचवीला भगवी, दहावीला लाल. समाप्तीला जिची संख्या जास्त, तिच्या हाती आरतीचं तबक.

यात चढाओढ अजिबात नाही. शेजारच्या शुभांगीवहिनींनी आठ पानांचा संकल्प सोडला, म्हणून मी दहाचा सोडला इतकंच.

आजची पानं: दहा. सहा झाली, चार दुपारी होतीलच.

बुधवार, ८ जुलै
दिपालीच्या कॉलेजचा नवा फार्स. कॉलेज म्हणायचं आपलं. नगरला एका मेडिकल दुकानाच्या वर दोन खोल्या. बारावीला मार्क कमी पडले तेव्हा यांनी पेपरातली जाहिरात वाचली आणि पोरीला नेऊन बसवलं. डिग्री कशाची, तर कॉम्प्युटरवरचे खेळ तयार करायची. लोक पोरींना डॉक्टर करतात, मास्तरीण करतात. आमची खेळ करणार. उद्या कुणी लगोरीत पीएचडी झाली तरी मला आता आश्चर्य वाटायचं नाही.

तर दुसऱ्या वर्षाला या डिग्रीच्या जोडीला एक जादा विषय निवडायचा असतो. इलेक्टिव्ह म्हणतात. फॉर्मवर पालकाची सही पाहिजे. हे श्रीगोंद्याच्या साखर कारखान्यात टाइमकीपर, शनिवारी रात्री येतात आणि सोमवारी पहाटे जातात. म्हणजे पालक मीच. मुदत ३१ जुलै. न देणाऱ्याच्या गळ्यात उरेल तो विषय.

पाच विषय आहेत. चित्रकला (माणूस काढला तर कावळा दिसतो, नको). ध्वनी आणि संगीत (तबलजींच्या संगतीत पोरगी बसणार). गोष्टी लिहिणे (खोटं बोलायची डिग्री). मानसशास्त्र (वेड्यांचा विषय). अकाउंट्स.

निवडायला काही शिल्लक राहिलंय असं मला तरी दिसत नाही. अकाउंट्स.

दिपालीला मानसशास्त्र हवंय. म्हणाली, "आई, माणूस एकदा खेळून थांबत का नाही, परत परत का येतो, ते त्यात शिकवतात." मी म्हटलं, त्याला घरी काम नसतं म्हणून येतो, शिकवायचंय काय त्यात. फॉर्म घडी करून पिशवीत ठेवला. पटलं असावं.

आजची पानं: दहा.

रविवार, १२ जुलै
हे म्हणाले, "तिला हवा तो घेऊ दे की." हजार माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिणारा माणूस. घरात काय चाललंय त्याची नोंद नाही.

आजची पानं: सात. पण पाहुणे होते, आणि पाहुणा म्हणजे देवच. तीन त्यात धरली.

शनिवार, १८ जुलै. दुपार
स्वतः जाऊन बघून आले. केडगावहून रिक्षा न करता चालत गेले, नाम घेत. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायला लावतात. देवळात काढायला या पोरांना जड जातं, इथे बरोबर काढतात.

पंकज सर म्हणून आहेत. सर कसले, मिसरूड फुटलेलं पोर. म्हणाले, "काकू, बसा, एक खेळ दाखवतो." पडद्यावर एक बुटका माणूस उड्या मारत पिवळे गोळे गोळा करत होता. शंभर झाले की पिऽप वाजायचं आणि बुटका पुढच्या पायरीवर. तिथे भगवे गोळे. वीस-वीस वर्षांची मुलं डोळे फाडून बघत होती. मी विचारलं, गोळा करून करायचं काय? सर म्हणाले, "काही नाही, जास्त गोळा करायचे." मी विचारलं, मेला तर? "पहिल्यापासून."

इतकी बुद्धी आणि इतका वेळ. कीव आली.

तिथून तशीच मंडळात गेले, पहिली वही द्यायची होती. पिवळी टिकली मिळाली. शुभांगीवहिनींची वही अजून व्हायची आहे. बघताना चेहरा पडला होता. मी वही फक्त त्यांच्याकडच्या हातात धरली.

आक्काबाई पहिलं पान बघतात आणि शेवटचं बघतात. मधलं बघत नाहीत. श्रद्धेचं काम आहे.

आजची पानं: दहा. 'श्री' एका चौकोनात आणि 'राम' पुढच्या चौकोनात लिहिलं तर अक्षर ठसठशीत येतं. दोन्ही शब्द आपापल्या जागी पवित्रच आहेत.

मंगळवार, २८ जुलै. नागपंचमी
दिपाली ऐकत नाही. उलट उत्तर देत नाही, नुसतं ऐकत नाही. शेवटी म्हटलं, मला तुझ्यावर काही लादायचं नाही, देवापुढे चिठ्ठ्या टाकू. देव देईल तो विषय. आमच्याकडे लग्न, जमीन, म्हशीचं नाव, सगळं असंच ठरलंय. ती "चालेल" म्हणाली. तिचा देवावर विश्वास आहे, हे माझ्या संस्काराचं.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेवगावहून आल्या आहेत. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून चिठ्ठी उचलायचा मान त्यांनाच दिला. पाच चिठ्ठ्या मी लिहिल्या. देवाला या इंग्रजी विषयांचा गोंधळ व्हायला नको म्हणून पाचही चिठ्ठ्यांवर एकच विषय लिहिला. म्हणजे निर्णय देवाचाच राहिला, फक्त चुकायची भीती गेली.

आत्याबाईंनी डोळे मिटून उचलली. अकाउंट्स. म्हणाल्या, "बग, देवाच्या मनात हुतंच त्ये." मी हात जोडले.

दिपाली म्हणाली, "बाकीच्या उघडून बघू?" मी म्हटलं, देवाची परीक्षा घेऊ नये, आणि हात लागून उरलेल्या चारी चिठ्ठ्या निरंजनाच्या तुपात पडल्या. तिनं चारी उचलून पुसल्या आणि खिशात घातल्या. आठवण म्हणून असतील. भाविक आहे पोरगी.

आजची पानं: दहा. पुरणाची दिंडं होती, तरी दहा. मधली काही नंतरसाठी ठेवली आहेत.

शुक्रवार, ३१ जुलै
सही केली. विषयाच्या जागी मीच लिहिलं, अक्षर चांगलं म्हणून. शुभांगीवहिनींचा महेंद्र इंजिनिअरिंगला आहे, त्याला कुणी विषय विचारला नाही. आमच्यात विचारून होतं.

सोमवार, १० ऑगस्ट
अकाउंट्सची बॅच रद्द. पूर्ण इन्स्टिट्यूटमधून एकटीचा फॉर्म आला म्हणे. पाच तरी पाहिजेत. दिपालीला जागा उरली होती तिथे टाकलं. मानसशास्त्र.

म्हणजे खेळ करायला शिकणाऱ्या अठ्ठावीस पोरांपैकी एकालाही हिशेब शिकावासा वाटला नाही. या देशाचं काय होणार ते दिसतंच आहे.

देवानं अकाउंट्स दिलं होतं. इन्स्टिट्यूटनं देवाचं ऐकलं नाही. त्यांचं ते बघतील.

हे आले की सांगणार आहे, मीच परवानगी दिली. दिलीच की, एका अर्थी. अडवलं कुठे?

आजची पानं: दहा. संतापाच्या भरात हात भराभर चालतो.

बुधवार, १९ ऑगस्ट
आनंदाची गोष्ट. दिपालीला नामाची गोडी लागली. कालपासून जवळ येऊन बसते आणि विचारते. "आई, रोज किती लिहितेस? नाही झालं तर कसं वाटतं? टिकली चिकटवली की घरी येईपर्यंत किती वेळा बघतेस?" मी सगळं सांगितलं. पंधरा-वीस वेळा म्हटलं. तिनं लिहून घेतलं.

मग म्हणाली, "आणि शुभांगीकाकू पुढे गेल्या तर?" मी म्हटलं, कशाला जातील. तेही लिहून घेतलं.

गुरुवार, २७ ऑगस्ट
गणपतीच्या गडबडीत परवा एकही पान झालं नाही. कालही नाही. आत्याबाई, मोदक, यांचे कारखान्यातले लोक. नियमाप्रमाणे पहिल्यापासून सुरुवात करायला पाहिजे. पण मनात चालू होतं. मनातले धरायचे की नाही, हे नियमात कुठेच लिहिलेलं नाही. आक्काबाईंना उगीच विचारून त्रास द्यायचा नाही, वय झालंय त्यांचं.

दिपालीनं विचारलं, "मग आता शून्यापासून?" मी म्हटलं, शून्यापासून तो तुमचा बुटका जातो. देव इतका हलका नसतो.

लिहून घेतलं तिनं. माझं बोलणं कुणी इतकं जपून ठेवल्याचं आठवत नाही.

आजची पानं: तीस. तिन्ही दिवसांची.

सोमवार, १४ सप्टेंबर
पाचवी वही दिली. भगवी टिकली. सातवीच देणार होते, पण मधली पानं भरायची राहिली म्हणून सहावी आणि सातवी घरी ठेवल्यात. भरली नाहीत तरी चालण्यासारखं आहे, पण मी तशी बाई नाही.

शुभांगीवहिनी म्हणाल्या, "पुष्पावहिनी, तुमचं कसं हो होतं एवढं? माझी तर पाठ धरते." मी म्हटलं, मन लागलं की पाठ धरत नाही. बी. ए. झालेल्या आहेत. शिक्षणानं पाठ बळकट होत नाही.

शनिवार, ३ ऑक्टोबर. दुपारी ३
दिपालीच्या टेबलावर धूळ पुसायला गेले. कागद आपोआप दिसले. मानसशास्त्राचा प्रोजेक्ट आहे. नाव 'खेळाडू परत का येतो'. त्यात एका बाईचा अभ्यास केलाय. नाव दिलेलं नाही. 'एक गृहिणी, केडगाव, खेळाडू क्रमांक १.' ही बाई कुठलासा चौकोनी वहीचा खेळ खेळते. आपण खेळतो आहोत हे तिला माहीत नाही.

वाचता वाचता मला हसू आवरेना. ती शेजारणीच्या वहीची जाडी नजरेनं मोजते. एक शब्द दोन चौकोनांत लिहिते. मधली पानं कोरी ठेवते, कारण तपासणारी पहिलं आणि शेवटचंच बघते. खाडा पडला की नियम बदलते. 'ती स्वतःला फसवत नाही,' असं पोरीनं लिहिलंय, 'ती खेळ चालू ठेवते.' शेवटचे दोन कागद अजून कोरेच होते.

शुभांगीवहिनी. डिट्टो. जाडी मोजतात ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आणि दोन चौकोनांची युक्ती त्यांनाही सुचली तर. म्हणजे आठ पानं म्हणून मिरवतात ती अशी.

मला दिपालीचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. मानसशास्त्र घ्यायला सांगितलं हे किती बरं झालं.

आजची पानं: दहा, धुळीसकट.

रविवार, ११ ऑक्टोबर
इन्स्टिट्यूटमध्ये १ नोव्हेंबरला पालकांसमोर प्रोजेक्ट वाचायचे आहेत. दिपाली म्हणाली, "आई, तू नाही आलीस तरी चालेल. कंटाळशील." मी म्हटलं, येणार म्हणजे येणार, आणि सगळ्या मंडळाला घेऊन येणार. तिचा चेहरा उतरला. "मंडळाला नको आणूस. प्लीज." शुभांगीवहिनींची दया येते तिला. मऊ आहे मनानं, बापावर गेली. मी समजावलं की सत्य कधीतरी चारचौघांत यावंच लागतं.

बुधवार, २१ ऑक्टोबर. पाडवा
आक्काबाईंना खासगीत सांगितलं की शुभांगीवहिनींबद्दल थोडं काही कळणार आहे, समोरच बसा. त्या म्हणाल्या, "कुनाची उणीदुणी काढायची का दिवाळीत?" मी म्हटलं, मी कशाला काढू, पोरीचा अभ्यास आहे. आणखी चौघींना सांगितलं. शुभांगीवहिनींना तर स्वतः जाऊन आमंत्रण दिलं, चकल्या घेऊन. "दिपालीचं कौतुक बघायला येणारच," म्हणाल्या. बिचारी.

शनिवार, ३१ ऑक्टोबर. कार्तिकी एकादशी
समाप्ती. एकूण संख्या एक लाख सत्तावीस हजार चारशे चाळीस. आक्काबाईंनी सगळ्यांसमोर वाचली. संकल्प केला तेवढीच, एक कमी नाही, एक जास्त नाही. बाया बघत राहिल्या. शुभांगीवहिनी दुसऱ्या, एक लाख एक हजार नऊशे बावन्न. तबक माझ्या हातात. आरतीच्या वेळी तबक थोडं उंच धरलं. भक्तीनं.

दिपालीनं तबकाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. काहीतरी म्हणायचं होतं. मी म्हटलं, उद्या बोल, उद्या तुझा दिवस.

रविवार, १ नोव्हेंबर. संध्याकाळ
लिहायचं नव्हतं. पण खाडा नको.

चपला बाहेर काढल्या. मंडळाच्या सात बाया, आत्याबाई, हे. शुभांगीवहिनींना मी पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसवलं, म्हणजे तोंड बघता यावं.

दिपालीनं भिंतीवर चित्र टाकून वाचायला सुरुवात केली. खेळाडू क्रमांक १. बाया हसायला लागल्या. दोन चौकोनांचं आलं तेव्हा आक्काबाईही हसल्या. मी तर शुभांगीवहिनींच्या मांडीवर थापच मारली. त्यांनी पदर सावरला.

मग दिपालीनं एकदम दोन कागद उलटले आणि "धन्यवाद" म्हणाली. पंकज सर उठून म्हणाले, "अगं, ते चिठ्ठ्यांचं राहिलं ना. तोच तर सगळ्यात भारी भाग आहे. वाच वाच." ती नको म्हणत होती. सरांनी कागद घेतला आणि स्वतःच वाचला. या खेळाडूला हवा तो निकाल देवाकडून यावा म्हणून तिनं पाच चिठ्ठ्यांवर एकच विषय लिहिला, आणि वाचता न येणाऱ्या सासूकडून एक उचलवली. भिंतीवर चार चिठ्ठ्या दिसल्या. तुपाचे डाग पडलेल्या. चारींवर अकाउंट्स. अक्षर चांगलं होतं.

सगळे हसत होते. मागून आत्याबाईंचा आवाज आला, चांगला मोठा. "आगं, ह्यांच्यातली येक तर मीच उचलली हुती. नागपंचमीला. व्हय की न्हाई गं पुष्पे?"

हसू थांबलं. त्यापेक्षा चालू राहिलं असतं तर बरं होतं.

आत्याबाई अजून बोलत होत्या. "मला वाटलं देवानं दिलं. तूच दिलं हुतंस व्हय."

येताना सगळ्या एकाच टेम्पोत. नेप्तीच्या फाट्यापाशी शुभांगीवहिनी कानाशी येऊन म्हणाल्या, "मनावर घेऊ नका वहिनी. माझी तरी आठ कुठे व्हायची. पाच झाली की मी वही मिटायची."

पाच.

माझी रोज सहा व्हायची. कधी सातसुद्धा. म्हणजे खरं लिहिलं असतं तरी तबक माझंच होतं.

सोमवार, २ नोव्हेंबर. पहाटे ५.२०
आक्काबाईंनी काल संध्याकाळीच सगळ्या वह्या परत पाठवल्या. निरोप नाही, काही नाही. टिकल्या तशाच आहेत.

हे जाताना म्हणाले, "पोरीला पहिला नंबर दिला." मी म्हटलं, सर लहान आहेत, त्यांना काय कळतंय. हे म्हणाले, "बरं."

दिपाली पुढच्या सत्राचा फॉर्म घेऊन आली. पुन्हा एक जादा विषय निवडायचा आहे. डोळे सुजले होते तिचे. फॉर्म माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "आई, या वेळी अकाउंट्सला पाच जण जमलेत. घेऊ?"

मी म्हटलं, नको. तुला हवा तो लिही. विषयाची जागा कोरी होती, तशीच खाली सही केली. हिच्याइतकं जपून कुणी माझं बोलणं लिहून घेतलेलं नाही, हे मात्र खरंच आहे.

ती गेल्यावर पहिली वही काढली आणि मधली कोरी पानं उघडली. एका चौकोनात पूर्ण 'श्रीराम' बसवायचं म्हणजे अक्षर फार बारीक काढावं लागतं. पाठ धरते.

आजची पानं: अर्धं.